उजेडाने धरणारी शाई

राजनंदिनीला दिवसातून दोन आंघोळी लागायच्या. पहिली सकाळची, सगळ्यांची असते तशी. दुसरी संध्याकाळी, कामावरून आल्या आल्या. मागच्या दाराने परसात यायचं, तिथल्या न्हाणीत अंगावरचे कपडे बादलीत भिजवायचे, केसांवरून पाणी घ्यायचं आणि मगच स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा. हा नियम सासूबाईंनी, म्हणजे बायनाबाईंनी घातलेला, आणि राजनंदिनीने तो लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मुकाट्याने मान्य केलेला. बायनाबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि सुनेच्या हाताला माशांचा वास होता. तेव्हा दोघींनी एका घरात राहायचं तर मध्ये पाणी हवंच होतं.

परभणी शहराच्या कडेला, जनावरांच्या दुखण्यांवर काम करणाऱ्या एका संशोधन संस्थेत ती नोकरीला होती. माशाच्या कातड्यातून ती कोलॅजन काढायची. कोलॅजन म्हणजे देवाने आपल्या अंगात घातलेला चिवट दोरा. कातडी, शिरा, सांधे, डोळ्याच्या पुढची काच, सगळं त्यानेच जागेवर धरून ठेवलेलं असतं. त्या कोलॅजनची राजनंदिनी शाई करायची. शाई लिहायची नव्हे. एक यंत्र, त्यात बोटाएवढी नळी आणि नळीला सुई. सोऱ्यातून शेव पडावी तशी सुईतून शाईची बारीक धार पडते, थरावर थर चढतो, आणि वरून निळा उजेड टाकला की शाई जागच्या जागी धरते, घट्ट होते. असा जो सांगाडा तयार होतो त्यात जिवंत पेशी सोडायच्या. मांडवावर वेल चढावा तशा त्या त्याच्या आधाराने वाढतात.

हे वेड तिला लागलं ते वालूरला, माहेरी. वडिलांच्या, चंद्रभानरावांच्या दावणीला हौश्या नावाचा बैल होता. ती दहावीत असताना तुरीचं धसकट त्याच्या डोळ्यात गेलं आणि डोळ्यात फूल पडलं. पांढरं, टिकलीएवढं. डॉक्टर आले, मलम झालं, आजूबाजूच्यांचे झाडपाल्याचे उपाय झाले, पण फूल काही हललं नाही. त्या अंगाने कुणी गेलं की हौश्या बुजायचा. मग चंद्रभानराव लांबूनच आवाज द्यायचे, "हौश्या, मी हाय रे, मी हाय." बापाला बैलापाशी अशी ओळख सांगत जावं लागतं हे पोरीच्या मनाला लागून राहिलं. डोळ्याची काच बदलता येत नाही का, हे तिने आधी शाळेत विचारलं, मग कॉलेजात विचारलं, आणि शेवटी ते शोधणं हेच तिचं काम होऊन बसलं.

शाईत ती ब-दोन जीवनसत्त्व घालायची, तोंड आल्यावर ज्याची पिवळी गोळी देतात तेच. त्या पिवळ्या द्रव्यावर निळा उजेड पडला की कोलॅजनचे धागे एकमेकांना धरतात. म्हणूनच तयार शाईला एरवी उजेडाचा थेंबही लागू द्यायचा नाही. नळी चांदीच्या वर्खासारख्या दिसणाऱ्या कागदात गुंडाळायची, वरून काळं फडकं, आणि थंड फ्रीजमध्ये ठेवायची. खोलीत काम करायचं ते लाल बल्बवर.

प्रयोगशाळेचे प्रमुख रंगनाथ सर. माणूस भला, पण बोलायला सरळसोट. श्रावणात एकदा त्यांनी तिला बसवून सांगितलं, "मॅडम, तुमची शाई उभी राहते तेव्हा गढूळ होते आणि स्वच्छ राहते तेव्हा कोसळते. दिवाळीच्या सुट्टीआधी मला एक चकती दाखवा. तिच्या आरपार वाचता आलं पाहिजे आणि तिच्यात पेशी जगल्या पाहिजेत. नाही जमलं तर खोली दुसऱ्या विभागाला जाईल, यंत्र नागपूरला जाईल. माझ्या हातात याहून जास्त नाही. तुम्ही मग वर्ग घ्या, तेही काम चांगलंच आहे."

काम चांगलंच होतं, पण ते तिचं नव्हतं.

भाद्रपद सरता सरता तिला जमलं. नळीभर शाई अशी उतरली, की कडेला पडलेल्या एका थेंबाची चकती करून पाहिली तर ती उभीही राहिली आणि काचेसारखी स्वच्छही राहिली. तेवढीच एक नळी. त्यात घालायच्या पेशी बकऱ्याच्या डोळ्यातून काढून वाढवायला ठेवल्या होत्या, त्या दसऱ्याच्या सुमारास भरणार होत्या. दसऱ्याचाच मुहूर्त धरू, असं तिने ठरवलं. नळी गुंडाळून ठेवली आणि नवरात्राच्या कामाला लागली.

खंडेनवमीला बायनाबाईंच्या घरी पहाटेपासून लगबग. नवमीला हत्यारांची पूजा. राजनंदिनीचा नवरा योगीराज एसटीच्या आगारात मेकॅनिक. त्याचे पाने, पकडी, हातोडी सगळं घासून पुसून पाटावर मांडलेलं. शेजारी विळी, खलबत्ता, शिलाई मशीनची कात्री. सगळ्यांना हळदीकुंकू, सगळ्यांना झेंडू. त्या दिवशी हत्याराला विसावा असतो, दुसऱ्या दिवशीपर्यंत कुणी त्याला हात लावायचा नाही. भाजीसुद्धा राजनंदिनीने आदल्या संध्याकाळीच चिरून ठेवली होती.

बायनाबाई पाटाकडे पाहत म्हणाल्या, "नंदे, समद्यायची हत्यारं आली. तुपलं कुठाय?"

"माझं तिकडं आहे आत्याबाई, संस्थेत."

"मंग आणायचं न्हाई का?"

"बाजेएवढं आहे ते. उचलत नाही."

योगीराज म्हणाला, "आई, उद्या मला म्हणशील एसटी आण घरी."

"तू गप," बायनाबाई म्हणाल्या, आणि विषय तिथेच संपला असं राजनंदिनीला वाटलं.

दुपारी ती कुमारिकांना जेवू घालण्यात गुंतली. बायनाबाई योगीराजच्या मागे गाडीवर बसून आगारातली पूजा बघायला गेल्या, त्या दिवेलागणीला परतल्या. पायांवर पाणी घेतलं, देवापुढे हात जोडले आणि सहज सांगितल्यासारखं म्हणाल्या, "तुज्या मशीनची पूजा करून आले."

राजनंदिनीच्या हातातला पळा तसाच राहिला. लग्नाला पाच वर्षं झाली होती. एवढ्या काळात सासूबाई त्या फाटकापर्यंतही गेल्या नव्हत्या. रस्त्याने जाताना पदर नाकाला लावायच्या.

"तुम्ही? आत गेलात?"

"गेले तर. मुंजाजी म्हणून हाय न तुमचा, भला माणूस. त्यानं कुलूप काढलं. तसंच ठिवायचं का मशीन बिनपूजेचं? घरातल्या समद्यायचं झालं आन सुनेचंच ऱ्हायलं, असं कसं?"

"कशाला हात नाही ना लावला?"

"हात कशाला लावू? कुंकू लावलं, फूल वाह्यलं."

योगीराज हसून म्हणाला, "अगं, आई मशीनला म्हणली, माय, पोरीचं ऐकत जा."

राजनंदिनीचे डोळे भरून आले. तिने पळा खाली ठेवला आणि सासूबाईंच्या पाया पडली. आणखी काही विचारावं, हे त्या आनंदात तिला सुचलंच नाही.

दसऱ्याला सकाळी ती नवी साडी नेसून संस्थेत गेली. सुट्टीमुळे सगळीकडे शुकशुकाट होता. मुंजाजी, तिथले जुने शिपाई, फाटकाशीच होते. त्यांनी हसत हसत खोली उघडली. दाराला आंब्याचं तोरण. यंत्राला झेंडूची घसघशीत माळ. खिडकीवरून यंत्रावर सोडलेली निळ्या दिव्यांची लुकलुकती माळ. आणि यंत्रापुढे ताम्हणात तांदळाच्या राशीवर, कुंकवाचं बोट लावलेली, उघडी शाईची नळी. बाजूला तो चंदेरी कागद आणि काळं फडकं नीट घडी घालून ठेवलेलं. घडी सासूबाईंच्या हातची होती, तिने लगेच ओळखली.

तिने नळी उचलून आडवी केली. आत काही हललं नाही. पिवळेपणा उडाला होता आणि शाई दह्याच्या कवडीसारखी बसली होती. सुईतून काय, पळीनेही निघाली नसती.

"काय झालं मॅडम?" मुंजाजींचा चेहरा उतरला.

"फ्रीजमधून कुणी काढली?"

"मीच. आज्जी म्हणल्या, खरं हत्यार कोणतं? मी म्हणलं, मशीन तर हायच, पण मॅडमचा जीव हाय त्या नळीत. तर म्हणल्या, आण तिला बी. आन मंग म्हणल्या, देवापुढं कुणी तोंड झाकून बसतं का? काढ ते फडकं."

"मुंजाजी, लाल बल्ब सोडून या खोलीत..."

"ठावं हाय मॅडम! लाल बल्बच लावला व्हता. पण लाल बल्बात कुंकू दिसंना हो. आज्जींनी तीनदा लावलं, लागलं का न्हाई तेच कळंना. म्हणून ट्यूब लावली. आन ती माळ मी आणली. दुकानदार म्हणला, निळी लय शोभती."

राजनंदिनीने माळेचा प्लग असा ओढला की बोर्ड भिंतीतून हलला. रात्रभर लुकलुकत राहिली होती ती. पूजा झाल्यावर दार ओढून घेतलेलं, हत्याराला विसावा म्हणून कुणी फिरकलं नाही. दोघांनी जे जे भक्तीने केलं, ते सगळं शाईच्या मुळावर आलं होतं.

"मॅडम, सरांना माझं नाव सांगा," मुंजाजी म्हणाले. "आज्जींचं सांगू नका."

तिने रंगनाथ सरांना फोन लावला आणि कुणाचंच नाव न घेता जे घडलं ते सांगितलं. त्यांनी आधी पेशींचं विचारलं. मग म्हणाले, "पेशी थिजवून ठेवा. त्या थांबतील. तारीख मात्र थांबणार नाही, मॅडम."

परतताना रस्ताभर तिने ठरवलं होतं, घरी सांगायचं यंत्र बिघडलं म्हणून. सणाचा दिवस, कशाला कुणाचं मन मोडा. ती मागच्या दाराने आली, सवयीने थेट न्हाणीत गेली, दार लावलं, आणि तिथे बादलीच्या काठावर डोकं टेकून रडली.

बाहेरून आवाज आला, "नंदे? आज कामून न्हाणीत? आज तर मासा न्हवता."

आणि ठरवलेलं सगळं गळून पडलं. "आत्याबाई, शाई गेली."

"कुठं गेली?"

"बसली. घट्ट झाली. काल उघडी ठेवली म्हणून. तिला उजेड चालत नाही."

बाहेर दगडावर टेकल्याचा आवाज झाला. मग, "मी उघडली ती?"

"हो."

ती बाहेर आली तेव्हा बायनाबाई कपडे धुवायच्या दगडावर बसल्या होत्या. नऊ दिवसांच्या उपवासाने आधीच वाळलेलं तोंड एवढंसं झालं होतं.

"उजेडानं बिघडती, हे मला पाच सालात कधी सांगितलं का गं?"

"तुम्ही कधी विचारलं का?"

बोलून गेल्यावर राजनंदिनीलाच धक्का बसला. या घरात तिने असं उलट उत्तर कधी दिलं नव्हतं. योगीराज दारात आला होता, तो आल्या पावली आत गेला.

बायनाबाईंनी पदराने दगडावरचं पाणी पुसलं. उगीचच. मग म्हणाल्या, "न्हाई इचारलं. खरं हाय. मासा म्हणलं की मी कान बंद करून घेतले. तू काय करतीस, कशासाठी करतीस, कधी इचारलं न्हाई. आन काल एकदम हळदकुंकू घेऊन गेले. देवाचं करायला गेले आन पोरीचं मोडून आले."

"असं नका म्हणू."

"मंग कसं म्हणू? मला आता सांग. समदं सांग. मी कान उघडे ठेवलेत."

तिथेच परसात, न्हाणीच्या दाराशी, राजनंदिनीने पहिल्यांदा सासूबाईंना सगळं सांगितलं. हौश्याच्या डोळ्यातलं फूल, धागे, पिवळं द्रव्य, निळा उजेड, दिवाळीची तारीख. बायनाबाई मध्ये मध्ये हुंकार देत होत्या, कीर्तनाला बसल्यासारख्या. शेवटी म्हणाल्या, "पुन्हा करायला काय लागतंय?"

"मासे," राजनंदिनी म्हणाली.

बायनाबाईंनी डोळे मिटून घेतले. मग उघडले. "मी बी येते."

"कुठं?"

"जिथं मासे असतेत तिथं. बिघडवलं मी, आन निस्तरायला तू एकली? मी काय घरात बसून माळ ओढू?"

दोन-तीन दिवसांनी सासू-सून गंगाखेडला उतरल्या. गोदावरीला तिकडे सगळे गंगाच म्हणतात. नदीकडे जाणाऱ्या रस्त्याला बन्सीधरचं मासळीचं दुकान होतं. रोहू, कटल्याची कातडी तो राजनंदिनीसाठी बर्फात राखून ठेवायचा. तिच्या मागे तुळशीची माळ बघून त्याची सुरी हवेतच थांबली.

"ताई, ह्या कोण?"

"सासूबाई."

"अहो माय, तुमी तिकडं झाडाखाली बसा. इथं शिंतोडे उडतेत."

"बसायला न्हाई आले," बायनाबाई पदरामागून म्हणाल्या. "एरवी काय करतोस रे ह्या कातड्याचं?"

"फेकतो. कुत्रे वाट बघत असतेत."

"आन ही पोरगी त्याचा डोळा करती."

"डोळा? कुणाचा?"

"बैलाचा."

बन्सीधरने राजनंदिनीकडे पाहिलं, मग समोरच्या रोहूकडे, आणि हसला. "मंग माय, आमच्या धंद्याला बी थोडं पुण्य लागतंय म्हणा की."

"तुज्या पुण्याचं देव बघील. तू पिशवी सरळ धर, समदं पाणी सांडायलास."

बर्फाच्या डब्यात कातडी भरल्यावर बायनाबाई घाटावर गेल्या, लुगड्यासकट तीन बुड्या मारल्या, काठावरच्या देवाला हात जोडून बुक्का लावला आणि ओल्यानेच एसटीत बसल्या. गाडी निघाली तसा वास सुटला. कंडक्टरने नाक वर करून चारी बाजूंना पाहिलं.

"कुणाचा हाय हो ह्यो डबा? लय घाण मारायलाय."

राजनंदिनी उठणार तोच बायनाबाईंचा आवाज आला, "मपला हाय."

अख्खी गाडी वळून बघायला लागली. कपाळाला बुक्का, गळ्यात माळ, अंगावर ओलं लुगडं, आणि पायांशी मासळीचा डबा. कंडक्टरने दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं, आणि तिकिटं फाडत पुढे निघून गेला. राजनंदिनीने खिडकीकडे तोंड फिरवलं आणि तोंडात पदर कोंबून परभणी येईपर्यंत हसली.

आता काम धरलं. कातडी खरवडायची, धुवायची, बारीक कापायची, आणि मग सौम्य आम्लात थंडीत भिजत ठेवायची, की कोलॅजन हळूहळू सुटून पाण्यात उतरतं. इथे घाई चालत नाही. ऊब लागली की धागे मोडतात, आणि एकदा मोडले की ते कोलॅजन राहत नाही, नुसती लापशी होते. बरण्या फ्रीजमध्ये ठेवून राजनंदिनीने जरा श्वास घेतला, तोच कोजागिरीच्या सकाळी मुंजाजींचा फोन आला. संस्थेचा ट्रान्सफॉर्मर काढायला घेतलाय, दोन दिवस वीज नाही, जनरेटर फक्त थिजवलेल्या पेशींच्या पेटीला.

ती फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिली. बायनाबाई दुधात केशर घालत होत्या.

"काय झालं?"

तिने सांगितलं. म्हणाली, "बर्फ आणते कुठूनतरी. दोन दिवस सारखा बदलत राहीन."

बायनाबाईंनी पळी खाली ठेवली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, देवघराच्या भिंतीला लागून, त्यांचा फ्रीज होता. त्यात कांद्याच्या पातीलासुद्धा वेगळा डबा होता. त्यांनी फ्रीज उघडला आणि एकेक काढायला लागल्या. दही, लोणी, देवाची फुलं, कोजागिरीचं दूध.

"योग्या, हे समदं शेजारी सविताकडं नेऊन दे. म्हणावं, दोन दिवस सांभाळ. आमच्या फ्रीजात पाव्हणा यायलाय."

राजनंदिनी म्हणाली, "आत्याबाई, नको. तो देवघराला लागून आहे."

"मला दिसतंय की. पांडुरंगाच्या दोन्ही कानात काय हाय? मकरकुंडलं. मकर म्हणजे काय तुळशीचं पान हाय का? पाण्यातलंच हाय ते बी. देवानं कानाला लावून घेतलंय, मला फ्रीजात ठिवायला काय होतंय?"

झाकण घट्ट लावलेल्या बरण्या, त्या मोठ्या स्टीलच्या डब्यांत, डब्यांना वरून पट्टी, असा पाहुणा मागच्या दाराने घरात आला. बायनाबाईंनी डब्यांवर बाहेरून गंगाजल शिंपडलं. "आत न्हाई पडू देत, भिऊ नको." मग फ्रीजचं दार लावता लावता एकदम ओरडल्या, "अगं बया! ह्याच्यात बल्ब हाय की!"

"आत्ता चालतो उजेड, आत्याबाई. त्यात पिवळं अजून घातलंच नाही."

"तू म्हणतीस चालतो. पण मी आता भरवसा ठिवत न्हाई. योग्या, पेचकस आण."

आणि योगीराजने आईच्या देखत फ्रीजचा बल्ब काढून खिशात घातला. त्या रात्रीचं मसाल्याचं दूध सगळ्यांनी सविताच्या गच्चीवर प्यायलं. सविताने दहा वेळा विचारलं, कोण पाव्हणा आलाय, आणि बायनाबाईंनी दहाही वेळा सांगितलं, "सुनेकडचा."

वीज आली, बरण्या परत गेल्या, कोलॅजन गाळून, मिठाने खाली बसवून, धुवून स्वच्छ झालं. लाल बल्बखाली शाई तयार झाली. पहिली चकती राजनंदिनीने छापली आणि निळा उजेड टाकला. चकती उभी राहिली, पण आत धुकं. कडेपासून मध्यापर्यंत दुधाळ.

मुंजाजी दारात उभे होते. ते न सांगता बर्फ आणायला निघाले. तारीख जवळ आली होती म्हणून तिने कोलॅजनमधलं आम्ल मारायला आम्लारीचे थेंब टाकताना हात भराभर चालवला होता. भांडं बर्फात पुरतं बुडालंही नव्हतं. शाईने तिची घाई ओळखली होती. उरलेल्या कोलॅजनची शाई तिने पुन्हा केली, या वेळी भांडं गळ्यापर्यंत बर्फात पुरून, थेंब टाकायचा, ढवळायचं, थांबायचं, मग पुढचा थेंब. मनात नाव घेत होती की नुसती मोजत होती, तिचं तिलाच सांगता आलं नसतं. बोटं बधिर झाली तेव्हा कुठे ती उठली.

दुसरी चकती स्वच्छ आली. पाण्यात ठेवली तर दिसेना, चिमट्याने चाचपून शोधावी लागली. तिसरी, चौथी, तशाच. मग थिजवलेल्या पेशी जाग्या केल्या, चकत्यांवर सोडल्या, आणि उबेच्या पेटीचं दार लावलं. आता बघण्याशिवाय काही हातात नव्हतं. त्या दिवसांत बायनाबाई रोज संध्याकाळी एकच विचारायच्या, "पेशी जेवल्या का?" आणि राजनंदिनी सांगायची, "जेवल्या."

ठरल्या दिवशी रंगनाथ सर आले. एका चकतीखाली त्यांनी खिशातला वर्तमानपत्राचा तुकडा सरकवला आणि चष्मा वर करून वाचायला लागले. "सोयाबीनची आवक वाढली... मॅडम, बातमी शिळी आहे, पण अक्षर स्वच्छ दिसतंय."

मग सूक्ष्मदर्शक. दुसऱ्या चकतीवर रंग टाकलेला होता. जिवंत पेशी हिरवी चमकते, मेलेली लाल. सर बराच वेळ वाकून राहिले. राजनंदिनी त्यांच्या पाठीकडे बघत उभी होती.

"या, तुम्हीच बघा," ते बाजूला झाले.

तिने डोळा लावला. हिरवंगार रान होतं. इथे तिथे एखादा लाल ठिपका, बाकी सगळं हिरवं, लांबट, हातपाय पसरून, एकमेकांना धरून.

"खोली राहील," रंगनाथ सर म्हणाले. "यंत्रही राहील, तेवढं मी बघतो. पण हा डोळा नाही झाला अजून, माहीत आहे ना? हिला टाका घातला तर फाटेल. बैलापर्यंत पोचायला पुष्कळ वर्षं लागतील."

"माहीत आहे सर. पुढची शाई दाट हवी."

"मग लागा. कधी भिजत घालताय?"

"सोमवारी."

घरी आली, न्हाणीतून बाहेर पडली, तर बायनाबाई दिवाळीची भाजणी निवडत परसातच बसल्या होत्या. त्यांनी नुसतं वर पाहिलं.

"जगल्या," राजनंदिनी म्हणाली.

बायनाबाईंनी सूप खाली ठेवलं, दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, आणि बराच वेळ तसेच ठेवले. मग नाक पुसून म्हणाल्या, "समद्या?"

"थोड्या गेल्या. बाकी छान आहेत. सरांनी पुढचं काम करायला सांगितलं. सोमवारी कातडी आणायला गंगाखेडला जायचंय."

"सोमवारी?" बायनाबाईंचा आवाज एकदम पूर्वीचा झाला. "सोमवारी वद्य एकादशी हाय. त्या दिवशी मी त्या दुकानात पाय ठिवणार न्हाई, सांगून ठिवते."

"तुम्हाला कुठं यायला सांगितलंय? मी जाईन की एकटी."

"एकली कशी जाशील? डबा कोण धरील? आन तो बन्सीधर पाणी सांडतो."

राजनंदिनीने सूप आपल्याकडे ओढलं आणि भाजणीतला खडा काढत हिशेब केला. एका दिवसाने काही अडत नव्हतं.

"मग मंगळवारी जाऊ," ती म्हणाली.

"मंगळवारी चालंल," बायनाबाई म्हणाल्या. "पारणं सोडून निघू."